बांधावरून मंत्रालयात

या अंकाचा विषय वसंतदादा पाटील. गाव पद्माळे, कृष्णाकाठचे. आई-वडील लहानपणीच गेले, आजीने वाढवले, शाळा अर्धवट सुटली. घरचा धंदा शेती. साताऱ्यात इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचे, म्हणजे लोकांनी उभ्या केलेल्या समांतर सरकारचे, वारे वाहत होते तेव्हा हा तरुण सांगलीच्या तुरुंगात होता. २४ जुलै १९४३ रोजी साथीदारांसह तो तुरुंग फोडून बाहेर पडला. खांद्याला गोळी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव मात्र त्या दिवशी हुतात्मा झाले. दादांचे चरित्र सांगताना ही दोन नावे गाळली जातात, याचे वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी सांगलीत शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. शेअर भांडवलासाठी गावोगाव फिरायचे, ऊसवाल्याला मालक व्हायला राजी करायचे, हेच त्यांचे राजकारण. त्याच जोरावर ते १९७७ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना त्यांनी परवानगी दिली. खेड्यातल्या मुलांना त्यामुळे इंजिनिअर होता आले, पण शिक्षणाचा बाजारही तिथूनच वाढला. आम्हाला दोन्ही बाजू मांडायच्या आहेत.

पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

सातारा-सांगलीतल्या अनेक घरांत कारखान्याची जुनी शेअर-प्रमाणपत्रे, सभांची पत्रके ट्रंकेत पडून असतील. ती रद्दीत घालू नका. त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवा, आणि आजोबांना आठवत असेल ते आजच लिहून घ्या.