परक्या वर्गातील धडा

जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर भारतातील शिक्षक सुमारे दीड वर्षाच्या अभ्यासासाठी तेथे जातात. विद्यार्थी स्वतः वर्ग झाडतात, जेवण वाढतात, याचे त्यांना अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, त्याहून मोलाचा आहे तो मेजी काळात (१८६८-१९१२) रुजलेला ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजे पाठाभ्यास. शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात. एक जण तो शिकवतो, इतर जण वर्गात उभे राहून मुलांचे निरीक्षण करतात. नंतर चिकित्सा होते ती पाठाची, शिक्षकाची नव्हे. आपल्याकडे वर्गात दुसरा शिक्षक आला की तपासणीचीच शंका येते. परतलेल्या शिक्षकाला सहकाऱ्यांसह असा एक पाठ घेण्यास शाळेने वेळ आणि अभय दिले नाही, तर त्याचे शिक्षण त्याच्यापुरतेच राहील.