घरमालकांनो, आडनाव कशाला हवं?

घर भाड्याने देताना काय तपासावं याचे सल्ले भरपूर मिळतात: ओळखपत्र, नोकरी, अनामत रक्कम, नोंदणीकृत करार, पोलीस पडताळणी. ते योग्यच आहेत. पण फोनवर सगळ्यात आधी येतो तो या यादीत नसलेला प्रश्न: "पूर्ण नाव काय?" आडनाव कळलं की घर 'कालच गेलेलं' असतं. 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी' ही अटही पुष्कळदा त्याच चाळणीचं सभ्य नाव असते.

१९१७ साली बडोद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पारशी सराईतून बाहेर काढायला लोक काठ्या घेऊन आले होते. आज एक गोड नकार पुरतो.

'घर माझं, मर्जी माझी' म्हणणाऱ्यांनी १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा वाचावा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही एखाद्या वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून रोखणं कलम ४नुसार गुन्हा आहे. अडचण पुराव्याची आहे; नकाराचं खरं कारण कुणी लिहून देत नाही. म्हणून घर शोधणाऱ्यांनो, जाहिराती आणि मेसेज जपून ठेवा.

आणि मालकांनो, पगार पाहा, करार नोंदवा. भाडं वेळेवर येईल की नाही, हे आडनावावरून कळत नाही.