ललित साळवे प्रकरण: तृतीयपंथी, ट्रान्सजेंडर आणि खुन्सा यात फरक काय?

बीड जिल्ह्यातील माजलगावचे पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे यांचं प्रकरण २०१७ साली देशभर गाजलं. जन्मल्यावर मुलगी समजून त्यांचं नाव ललिता ठेवलं गेलं. पुढे ते महिला कॉन्स्टेबल म्हणून भरती झाले. २०१४ च्या सुमारास शरीरात वेगळे बदल जाणवले, तपासण्या झाल्या आणि पुरुषांमध्ये असणारं वाय गुणसूत्र आढळलं. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली तेव्हा खात्याने नकार दिला. मुद्दा असा होता की भरती महिला म्हणून झाली, महिला आणि पुरुष उमेदवारांचे शारीरिक निकष वेगळे, मग शस्त्रक्रियेनंतर त्याच नोकरीत ठेवायचं कसं? मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. अखेर राज्य सरकारने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. नोकरी टिकली. २०२० मध्ये त्यांचं लग्न झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये ते बाप झाले.

या सगळ्या काळात बातम्यांमध्ये, चहाच्या टपरीवर त्यांना कुणी तृतीयपंथी म्हटलं, कुणी ट्रान्सजेंडर, तर कुणी आणखी वाईट शब्द वापरला. शब्दांची ही सरमिसळ किरकोळ वाटते, पण तिच्यामुळेच घरातलं लेकरू घराबाहेर जातं. म्हणून फरक नीट समजून घेतला पाहिजे.

पहिली गोष्ट शरीराची. काही मुलं अशी जन्मतात की बाह्य अवयव, गुणसूत्रं किंवा संप्रेरकं पूर्णपणे मुलाची किंवा पूर्णपणे मुलीची नसतात. याला इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतात. साळवे यांची वैद्यकीय स्थिती याच्या जवळची आहे. दुसरी गोष्ट मनाची. शरीर तपासलं तर सगळं नेहमीसारखं असतं, पण ती व्यक्ती लहानपणापासून स्वतःला वेगळ्या लिंगाची मानते. ही ट्रान्सजेंडर व्यक्ती. तिसरी गोष्ट समाजाची. हिजडा, किन्नर किंवा जोगता ही गुरू-चेल्याची परंपरा असलेली, स्वतःच्या रिवाजांची मंडळी. घराने टाकलेली अनेक माणसं तिथे आसरा घेतात. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने या तिघांना एकाच व्याख्येत बसवलं. हक्क देण्यासाठी ते सोयीचं असेल, पण समजून घेताना तिघांना एक मानलं की गोंधळ होतो.

आपल्या समाजाला हा विषय नवा नाही. फिकहच्या जुन्या किताबांत ‘खुन्सा’ हा स्वतंत्र बाब आहे. लघवीच्या मार्गावरून आणि बालिग झाल्यावर दाढी, मासिक पाळी अशा खुणांवरून पुरुष की स्त्री हे ठरवायचं. तरीही ठरत नसेल तर ‘खुन्सा मुश्किल’. त्याने नमाजला कोणत्या सफमध्ये उभं राहायचं आणि वारशात त्याचा हिस्सा किती, हेही फुकहांनी लिहून ठेवलं. म्हणजे त्याला मस्जिदीत जागा आहे आणि वारशात हक आहे. त्याला घराबाहेर काढा असं कुणीही लिहिलेलं नाही.

शस्त्रक्रियेचा मसला मात्र वादाचा आहे. १९८८ मध्ये इजिप्तमध्ये अल-अजहर विद्यापीठाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचं प्रकरण गाजलं. तेव्हाचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांच्या फतव्याचा रोख असा होता की शरीरात दडलेलं खरं लिंग उघड करण्यासाठी डॉक्टर सांगत असतील तर शस्त्रक्रिया जायज, नुसत्या इच्छेखातर नाही. इराणमध्ये खोमेनी यांनी याहून पुढे जाऊन ट्रान्सजेंडर व्यक्तींनाही परवानगी दिली. आपल्याकडचे बहुतेक उलेमा ती मान्य करत नाहीत. हा मतभेद आहे आणि तो राहील. पण शस्त्रक्रियेबद्दल मत काहीही असो, टिंगल करायला, टोपणनावं ठेवायला सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत साफ मनाई आहे. त्यावर मतभेद नाही.

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. बाळ जन्मल्यावर मुलगा की मुलगी हे स्पष्ट नसेल तर अनेक घरांत लाजेने झाकून ठेवतात, नाहीतर बाबा-बुवाकडे नेतात. हे जिवावर बेतू शकतं. अशा काही बाळांना अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात आजार असतो. त्यात शरीरातलं मीठ कमी होत जातं आणि उपचार न मिळाल्यास पहिल्या काही आठवड्यांतच बाळ दगावू शकतं. हा आजार आई-वडील दोघांकडून येतो, त्यामुळे जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. औषधं वेळेवर सुरू झाली तर मूल चांगलं जगतं. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. लोक काय म्हणतील ते नंतर बघता येईल.

मूल मोठं असेल आणि प्रश्न मनाचा असेल, तर मारून ते बदलत नाही. मारलं की ते पळून जातं, शाळा सुटते, कागदपत्रं राहून जातात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांनी लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद केली. देशभरात अशा लोकांचं साक्षरतेचं प्रमाण ५६ टक्के होतं, तर एकूण लोकसंख्येचं ७३ टक्के. शाळा कुठे सुटते ते या आकड्यांतच दिसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने खडसावल्यावर राज्य सरकार पोलीस भरतीत ट्रान्सजेंडर उमेदवारांचे अर्ज घ्यायला तयार झालं. पण हे दरवाजे शिकलेल्याला उघडतात.

साळवे यांच्याकडे सरकारी नोकरी होती, वकील होते, वर्तमानपत्रं होती. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा हातगाडी लावणाऱ्या घरातल्या लेकराकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे फक्त आई-बाप असतात. त्यांनीच दार लावलं तर त्याने जायचं कुठे, याचा विचार मोहल्ल्यातल्या प्रत्येक जाणत्या माणसाने आणि मस्जिदीच्या जिम्मेदारांनी करावा.