जीप : घडवली कोणी, मालकी कोणाची?

महिंद्र कंपनीने २०१८ साली अमेरिकेच्या बाजारात 'रॉक्सर' हे वाहन आणले आणि त्याच वर्षी फियाट क्रायसलरने तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे धाव घेतली. डब्यासारखा आकार, सपाट उभ्या बाजू, बॉनेटच्या उंचीएवढीच मागची बाजू, हे सारे 'जीप'चे असून त्याची नक्कल झाली, अशी तक्रार होती. जून २०२० मध्ये आयोगाने ती मान्य केली. मात्र महिंद्रने बदललेल्या नव्या रचनेला डिसेंबरमध्ये त्याच आयोगाने हिरवा कंदील दाखवला.

या आकाराचा जन्म कोणत्याही एका कंपनीच्या कल्पनेतून झालेला नाही. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ उत्पादकांकडे हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली. चारही चाकांना इंजिनाची ताकद हवी, वजन सुमारे ५९० किलोच हवे आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा! वजनाची अट अशक्यप्राय होती. पुढे ती सैल करावी लागली. पेनसिल्वेनियातील बटलर गावच्या 'अमेरिकन बॅन्टम' या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने मात्र हे आव्हान स्वीकारले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने मोजक्या दिवसांत आराखडे केले. २३ सप्टेंबरला मुदत संपण्यास अर्धा तास उरला असताना गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड तळावर पोहोचली.

बॅन्टमच्या नशिबी मात्र यश नव्हते. तिची उत्पादनक्षमता लष्कराला तुटपुंजी वाटली आणि तिचे आराखडे विलिस व फोर्ड यांना पाहू देण्यात आले. विलिसचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, तिन्ही स्पर्धकांत सर्वांत जोरकस. तिचे अभियंते बार्नी रूस यांनी गाडीचे अतिरिक्त वजन अक्षरशः नटबोल्टांपासून छाटले. १९४१ मध्ये मोठे कंत्राट विलिसला मिळाले. फोर्डनेही त्याच रचनेच्या गाड्या बनवल्या. महायुद्धात या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. बॅन्टमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत. लष्कराच्या मागणीवरून तिने मग ट्रेलर बनवले.

आज जीपची ओळख मानली जाणारी उभ्या फटींची जाळी तर मुळात फोर्डची. पत्र्यातून ठोकून काढलेली ती स्वस्त जाळी विलिसने नंतर उचलली आणि युद्धोत्तर नागरी जीपवर तिच्या फटी सात केल्या.

जीप आपणच निर्माण केली, अशी जाहिरात विलिस करीत असे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्या दाव्याला मनाई केली आणि श्रेय बॅन्टम व लष्करी अधिकाऱ्यांकडे असल्याचे नमूद केले. तरीही १९५० मध्ये 'जीप' हे नाव विलिसच्याच नावावर नोंदले गेले. नोंद आणि निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याला ठाऊक असते, ग्राहकाला क्वचितच. पुढे कैसर, अमेरिकन मोटर्स, क्रायसलर अशी त्या नावाची मालकी फिरत गेली.

महिंद्रची जोडणीही चोरवाटेने आलेली नव्हे. १९४७ पासून मुंबईत विलिसच्या परवान्याने जीपची जुळणी सुरू झाली आणि 'रॉक्सर' हा त्याच वंशवेलीचा फुटवा. मूळ परवान्याचे नाते अर्धशतकाहून अधिक जुने, आकारावरचा हक्क मात्र दुसऱ्याच वारसाच्या हाती.