भाड्याचे बिऱ्हाड आणि इंटरनेटची वर्गणी



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक माउली आमच्या भेटीस आली. तिचा मुलगा बेळगावात नोकरीस असून भाड्याच्या खोलीत राहतो. खोलीत इंटरनेट घेताना कंपनीच्या माणसाने त्यास वर्षाची वर्गणी एकदम भरावयास लावली; ती स्वस्त पडेल, असे सांगितले. माउलीने दुधाच्या पैशांतून रक्कम दिली. पाचव्या महिन्यात घरमालकाने खोली मागितली आणि नव्या जागी त्या कंपनीची तार पोहोचलेलीच नाही! उरलेल्या सात महिन्यांचे पैसे कंपनी परत देईना. ‘फादर, आता काय करावे?’ असे तिने डोळ्यांत पाणी आणून विचारले.

अशी पाळी इतरांवर येऊ नये म्हणून आम्ही चार शब्द लिहीत आहोत. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने आपल्याकडे भाड्याचे करार बहुधा ११ महिन्यांचेच होतात. मग ११ महिन्यांच्या बिऱ्हाडास १२ महिन्यांची वर्गणी कशास हवी? अंथरूण पाहून पाय पसरावे, तशी कराराची मुदत पाहून वर्गणी भरावी. दरमहा भरताना थोडे अधिक पडले, तरी खोली सुटताच खर्चही थांबतो.

पैसे देण्यापूर्वी शेजाऱ्यांना विचारावे : इमारतीत कोणाची तार आधीच आली आहे, पावसाळ्यात ती किती वेळा बंद पडते? नवी तार आणण्यासाठी भिंतीस भोक पाडावे लागणार असेल, तर घरमालकाची लेखी संमती घ्यावी. जाहिरातीतील ५०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी चढून ५९० होतात, हेही ध्यानात असावे. कंपनीने दिलेल्या यंत्राची अनामत किती, हे पावतीवर लिहून घ्यावे आणि यंत्र परत करताना त्याचीही पोच मागावी.

त्या माउलीस आम्ही सांगितले, ‘मुलाला कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावयास सांगा. निकाल पटला नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते.’ पैसे मिळतीलच, असे वचन आम्ही दिले नाही. मात्र नव्या खोलीत तिच्या मुलाने महिन्याचीच वर्गणी घेतली आहे आणि रोज सायंकाळी तो आईशी बोलतो, हे ऐकून आम्हांस समाधान वाटले.