जुनी माती टाकू नका

मृग जवळ आला की आमच्या गल्लीच्या टोकाला, राडारोड्याच्या ढिगाशेजारी, मातीच्या गोण्या दिसू लागतात. ही माती कुंड्यांमधून काढलेली असते. मुळांच्या जाळ्यात आवळलेली, कुंडीतून बाहेर आली तरी कुंडीचाच आकार धरून बसलेली. पावसाळ्यात बाग नव्यानं लावायची म्हणून जुनी माती बाहेर जाते आणि रोपवाटिकेतून लाल मातीची नवी पोती घरात येतात. गेल्या रविवारी त्यातल्या दोन गोण्या मी ओढत घरी आणल्या. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, त्या मातीत आता काय राहिलंय? कस गेला तिचा."

कस गेलाय, हे खरंच आहे. पण गेलेला कस परत आणता येतो आणि तो आणणं हेच कुंड्यांच्या बागेतलं मुख्य काम आहे, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं. आजचा लेख त्यासाठीच.

पुण्यातल्या आमच्या घरामागे 12 बाय 18 फुटांची मोकळी जागा आहे. तिथे पूर्वी जमीन होती. सासूबाईंनी लावलेला अळू, कर्दळ आणि कोपऱ्यात पारिजातक होता. सांडपाण्याची पाइपलाइन बदलली तेव्हा सगळीकडे शहाबादी फरशी बसली आणि परसदार फरशीखाली गेलं. मग एकेक करत कुंड्या आल्या. आज 36 आहेत. मातीच्या, प्लास्टिकच्या, रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि अर्धा कापलेला एक ड्रम, ज्यात कढीपत्ता आहे.

जमिनीत वाढणारं झाड पुष्कळ गोष्टी आपलं आपण बघून घेतं. वरचा थर सुकला तर मुळं खालची ओल शोधत जातात. पालापाचोळा पडतो, कुजतो. गांडुळं तो खाली नेतात आणि येता-जाता माती भुसभुशीत करतात. कुंडीतल्या झाडाला यातलं काहीच मिळत नाही. 12 इंची कुंडीत पंधरा-वीस लिटर माती मावते. तेवढ्यातच त्यानं खायचं, प्यायचं आणि उभं राहायचं. जमीन जे न सांगता करते, ते सगळं इथे आपल्याला करावं लागतं. म्हणून कुंडी लावणाऱ्यानं झाडाच्या आधी मातीकडे बघायला शिकलं पाहिजे.

पाण्याचंच घ्या. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा सकाळी घातलेलं पाणी भरल्या झाडाला संध्याकाळपर्यंत पुरत नाही. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते आणि आतली मुळं अक्षरशः भाजतात. मातीची कुंडी अंगातून पाणी बाहेर सोडते म्हणून गार राहते, पण म्हणूनच लवकर सुकतेही. टोमॅटोला एक दिवस भरपूर पाणी आणि दोन दिवस काहीच नाही, असं झालं की फळाच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडतो. लोक त्याला रोग समजून औषध फवारतात. पण तो कॅल्शियमच्या तुटवड्याचा डाग असतो. कॅल्शियम मातीत असूनही ते फळापर्यंत नेणारं पाणी वेळेवर मिळालेलं नसतं, असं बरेचदा होतं. उपाय म्हणजे रोज ठरावीक वेळेला पाणी आणि मातीवर वाळक्या पानांचं दोन बोटं जाडीचं आच्छादन. हे आच्छादन घातलं की दुपारी बोट खुपसून पाहा. वरून कोरडी दिसणारी माती आत ओली लागते.

पाण्याची दुसरी बाजू निचऱ्याची. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे भरायचे, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मीही वर्षानुवर्षं भरले. पण बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते दोन थरांच्या सीमेवरच अडून राहतं. म्हणजे विटांचा थर जितका जाड, तितकी ओलीगच्च माती वर सरकते आणि मुळांची जागा तितकी कमी होते. माती खाली सांडू नये म्हणून भोकावर एक खापरी पालथी ठेवली की पुरे. निचरा हवा असेल तर तो मातीतच आणावा लागतो. तिच्यात वाळलेला पाला, चाळलेलं कंपोस्ट आणि थोडं कोकोपीट मिसळलं की ती मोकळी होते.

आता त्या लाल मातीच्या पोत्यांबद्दल. काही वर्षांपूर्वी मीही एका रोपवाटिकेतून दहा पोती आणली होती. दिसायला सुरेख होती. पहिल्या पावसात ती चिखल झाली आणि ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी घट्ट. खुरपीचं टोक आत जाईना. वांग्याची सगळी रोपं पिवळी पडली. त्या मातीत सेंद्रिय अंश जवळजवळ नव्हताच. कुठल्या तरी टेकडीचा उतार खरवडून ती गोण्यांत भरली होती. सुपीक मातीचा इंचभर थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. तिकडे एक डोंगर बोडका करायचा, इकडे आपल्या फरशीवर हिरवळ लावायची आणि वर्षभरानं तीच माती राडारोड्यात टाकायची, हा व्यवहार मला मान्य नाही. बाग करणाऱ्याला तर तो मुळीच शोभत नाही.

जुनी माती परत कामाला लावायला मोठी यातायात नाही. कुंडी उपडी करायची. मुळांचा लगदा सोडवून ढेकळं हातानं फोडायची. जाड मुळं काढून कंपोस्टच्या डब्यात टाकायची, बारीक मुळं राहू द्यायची, ती मातीतच कुजतात. मग माती फरशीवर पसरून मे महिन्याचं ऊन द्यायचं. झाडाला मर किंवा मुळांवर गाठी असतील तर ती माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे झाकून ठेवायची. आतल्या उष्णतेनं बुरशी आणि सूत्रकृमी पुष्कळ कमी होतात. त्यानंतर दोन भाग जुनी माती, एक भाग कंपोस्ट आणि प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. पाणी शिंपडून आठ-दहा दिवस सावलीत मुरू द्यायची. पुढच्या वर्षी कंपोस्ट जिरून कुंडीतली माती दोन-तीन इंच खाली बसलेली दिसेल. माती झाडानं खाल्लेली नसते, तिच्यातला सेंद्रिय भाग कुजून विरलेला असतो. तेवढी भर पुन्हा घालायची.

आणखी एक पथ्य पाळायचं. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा हे एकाच कुळातले. त्यांचे रोगही सारखे. ज्या कुंडीत यंदा टोमॅटो होता, तिथे पुढच्या खेपेला मेथी, घेवडा किंवा गवार लावायची. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात. शेतकरी फेरपालट करतो, त्याचीच ही परसदारातली आवृत्ती.

कंपोस्टसाठी मला बाहेरून काही आणावं लागत नाही. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळकी पानं. पानं कमी पडली की डब्याला वास येतो, पुरेशी घातली की पावसानंतरच्या रानाचा वास येतो. दोन-तीन महिन्यांत काळं, हलकं खत हाती येतं. समोरच्या रस्त्यावर सकाळी पानं झाडून पेटवली जात असत. आता रस्ता झाडणाऱ्या मावशी पोतं भरलं की आमच्या फाटकाशी आणून ठेवतात. त्यांना जाळायला लागत नाही आणि माझी वर्षभराची सोय होते.

ही वाट महाराष्ट्रात फार आधी कुणीतरी दाखवून ठेवली आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं, हे मांडलं. त्यांचा सगळा भर पालापाचोळा कुजवून माती घडवण्यावर होता. जमीन मिळते ती नव्हे, घडवली जाते ती, हा त्यांचा विचार गच्चीवाल्यांनीही उचलला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी तिथल्या ओल्या कचऱ्यावर त्याच इमारतीच्या गच्चीत फळझाडं आणि भाज्या वाढवल्या. मुंबईच्या गच्चीवर जे होऊ शकतं, ते आपल्या परसदारात का होऊ नये?

अडचणी आहेतच. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, कापूस चिकटल्यासारखा. तो दिसला की आधी मुंग्या शोधाव्यात. किडीच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्यांना आवडतो, म्हणून त्या तिची राखण करतात. मुंग्यांची वाट तोडली, जुन्या दातघासणीनं ढेकूण खरवडले आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून फवारलं, की बहुतेक वेळा भागतं. मिरचीची पानं वरच्या बाजूला मुडपली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, हे लक्षात ठेवलं तर उगाच नको ते औषध पडत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये टोमॅटोची फुलं गळाली तर जीव कष्टी करून घेऊ नये. पारा 35 अंशांच्या वर गेला की त्याचे परागकण नीट काम करत नाहीत. ते झाड सप्टेंबरात लावायचं असतं.

पावसाळ्यात मात्र एक गोष्ट कटाक्षानं करायलाच हवी. कुंडीखालच्या ताटल्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. ताटली नुसती ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. आठवड्यातून एकदा ती घासायची. मी तर जून ते ऑक्टोबर सगळ्या ताटल्या उचलून ठेवते. आपल्या हौसेपायी शेजारचं लेकरू तापानं फणफणलं, असं होता कामा नये.

इतकं करून मिळतं काय, असं मला नेहमी विचारतात. हिशेब रुपयांत मांडला तर फार नाही. पण पोहे करायला घेतल्यावर मागच्या दारी जाऊन कढीपत्त्याची डहाळी खुडावी, ती तेलात पडताच घरभर तडतडावी, हे विकतच्या पुडीतून येत नाही. श्रावणात अळूची पानं तोडून ताज्या वड्या कराव्यात. गणपतीत पहाटे जास्वंदीची फुलं काढताना शेजारचा मुलगा "काकू, मला पण एक" म्हणत भिंतीवरून हात पुढे करतो. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी ओंजळीत घेऊन सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवाव्यात. हे सगळं त्या 36 कुंड्यांनी आम्हाला दिलं आहे.

मागच्या पावसाळ्यात लिंबाच्या कुंडीत पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे डाग दिसले. पुसायला गेले तर ते हलले. फुलपाखराच्या अळ्या होत्या त्या. पुढे त्या हिरव्या झाल्या आणि निम्म्याहून अधिक पानं त्यांनी फस्त केली. मी फवारणी केली नाही. लिंबूवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांमध्ये ब्ल्यू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळीही असते आणि तिला महाराष्ट्रानं 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला आहे. आमच्या अळ्या तिच्याच होत्या की तिच्या एखाद्या भावंडाच्या, हे कळायच्या आत कोश रिकामे झाले होते. लिंबाला महिन्याभरात नवी पालवी आली. जुन्या मातीला दिलेल्या कंपोस्टवर ते झाड तेवढं सहज सोसून गेलं.

काकूंना मी परवा त्या गोण्यांमधली माती दाखवली. ऊन खाऊन, कंपोस्ट मिसळून, ओली करून ठेवलेली. त्यांनी मूठभर हातात घेतली, दाबली आणि सोडली. मूठ उघडताच माती अलगद सुटली. काही न बोलता त्या घरी गेल्या आणि दहा मिनिटांनी आपल्या तुळशीची मोडकी कुंडी घेऊन परत आल्या.

वाचकहो, पाऊस तोंडावर आला आहे. नवी पोती आणायला निघण्याआधी येत्या रविवारी घरातली एक, फक्त एक कुंडी उपडी करा. मुळं कुठवर गेली आहेत ते पाहा, मातीचा वास घ्या, ती मुठीत दाबून बघा. तिला ऊन द्या, स्वयंपाकघरातलं कंपोस्ट द्या आणि मेथीचे दाणे पेरा. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात भाजीला येते. त्यानंतर ती माती टाकून द्यावी की नाही, ते तुम्ही ठरवा.