‘मी’ की ‘आम्ही’? स्नानसंस्काराच्या शब्दांविषयी

कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात राहणाऱ्या एका कुटुंबाने काही दिवसांपूर्वी आम्हाला एक अडचण कळविली. मुलीच्या स्नानसंस्काराचे जुने चित्रीकरण ते पुन्हा पाहत होते. धर्मगुरूंनी बाळाच्या मस्तकावर तीन वेळा पाणी ओतल्याचे त्यात स्पष्ट दिसते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावेही नीट ऐकू येतात. मात्र वाक्याचा पहिलाच शब्द बाळाच्या रडण्यात बुडून गेला आहे. तो ‘मी’ होता की ‘आम्ही’, आणि ‘आम्ही’ असेल तर आमची मुलगी ख्रिस्ती झाली की नाही, असे त्या मातापित्यांनी विचारले आहे. प्रश्न क्षुल्लक नाही.

ह्या शंकेचे मूळ अमेरिकेतील दोन घटनांत आहे. 24 जून 2020 रोजी रोममधील श्रद्धासिद्धान्तविषयक विभागाने एक निर्णय दिला आणि तो 6 ऑगस्ट रोजी प्रसिद्ध झाला. ‘आम्ही तुला स्नानसंस्कार देतो’ अशा शब्दांनी दिलेला संस्कार ग्राह्य नाही आणि तशा व्यक्तीस स्नानसंस्कार बिनशर्त दिला पाहिजे, असे त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात डेट्रॉइट महाधर्मप्रांतातील एका तरुण धर्मगुरूंनी 1990 सालचे आपल्या स्नानसंस्काराचे घरगुती चित्रीकरण पाहिले. त्यात डीकन ‘आम्ही’ म्हणत होते. ज्याचा स्नानसंस्कारच झाला नाही त्याला गुरुदीक्षा कशी मिळणार? त्यांना स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर आणि गुरुदीक्षा असे सारे नव्याने घ्यावे लागले. त्यांनी ज्यांची पापनिवेदने ऐकली, ज्यांच्यासाठी मिस्सा अर्पण केल्या, त्या भाविकांचे काय, हा प्रश्न ओघाने आलाच. पुढे 2022 च्या आरंभी फिनिक्स धर्मप्रांतात अशीच बाब उघड झाली. तेथील एका धर्मगुरूंनी अनेक वर्षे ‘आम्ही’ म्हणूनच स्नानसंस्कार दिले होते. त्यांची झळ हजारो लोकांना बसली. धर्मगुरूंनी क्षमा मागितली आणि धर्मग्रामाची जबाबदारी सोडली. त्यांचा हेतू वाईट होता असे कोणीही म्हटलेले नाही, म्हणूनच ही घटना अधिक विचार करायला लावते.

एका सर्वनामासाठी एवढा गोंधळ? अशी प्रतिक्रिया आम्ही सुशिक्षित श्रद्धावंतांकडूनही ऐकली आहे. ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांची भूमिका वरवर पाहता सुंदरच होती: बाळाचे स्वागत आई-वडील, आजी-आजोबा, धर्ममातापिता, सारी मंडळी करतात, मग सर्वांच्या वतीने बोलावे. परंतु स्नानसंस्कार हा समाजाने दिलेला सत्कार नव्हे. स्नानकुंडाशी कार्य करतो तो स्वतः ख्रिस्त. संत ऑगस्टीन ह्यांच्या काळापासून ख्रिस्तसभा हेच शिकवीत आली आहे आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात तेच पुन्हा सांगितले. धर्मगुरूचा ‘मी’ हा त्याचा खासगी ‘मी’ नसतो. ख्रिस्ताने त्याचे ओठ वापरावेत म्हणून तो उच्चारलेला असतो. ‘आम्ही’ म्हणताच कर्ता बदलतो. समाज स्वतःच्याच नावे देऊ लागतो, आणि जे समाजाजवळ नाही ते तो कोठून देणार? कोणीही, धर्मगुरूसुद्धा, उपासनाविधीत आपल्या अधिकाराने भर घालू नये, काही वगळू नये वा बदलू नये, असा त्याच दस्तऐवजाचा दंडक आहे. 2 फेब्रुवारी 2024 च्या टिपणात रोमने तो पुन्हा अधोरेखित केला. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी त्या टिपणास मान्यता दिली होती.

ह्या ठिकाणी मराठीची एक खोच ध्यानात घ्यावी. लॅटिनमध्ये ‘बाप्तिझो’ ह्या क्रियापदातच ‘मी’ सामावलेला आहे. सर्वनाम गळाले तरी एकवचन कळते. मराठीत पुरुष बोलतो तेव्हा ‘मी देतो’ आणि ‘आम्ही देतो’, क्रियापद तेच! सारा भेद त्या एका सर्वनामावर उभा आहे, आणि बोलताना सर्वनाम गाळायची आपल्याला सवय आहे. शिवाय मराठीत मोठी माणसे स्वतःला आदराने ‘आम्ही’ म्हणवून घेतात. संपादकही त्याला अपवाद नाहीत, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. स्नानकुंडाशी मात्र ही सवय बाजूला ठेवावी. ‘मी’ हा शब्द मोठ्याने, स्वच्छ उच्चारावा, अशी आमची आपल्या गुरुबंधूंना विनंती आहे.

याचा अर्थ प्रत्येक चुकीने संस्कार निष्फळ होतो असा नव्हे. आठव्या शतकात बव्हेरियातील एक धर्मगुरू लॅटिन न येत असल्याने ‘पात्रिस’ आणि ‘फिली’ ऐवजी ‘पात्रिया’ आणि ‘फिलिया’ म्हणत असे. संत बोनिफास पुन्हा स्नानसंस्कार देऊ लागले तेव्हा पोप झकारियास ह्यांनी 746 साली त्यांना रोखले. चूक भाषेच्या अज्ञानातून झाली आहे, श्रद्धेच्या विपर्यासातून नव्हे, म्हणून संस्कार ग्राह्य आहे, असा त्यांचा निर्णय होता. केरळ, तामिळनाडू वा झारखंडहून आपल्याकडे सेवेस आलेल्या धर्मगुरूंचे मराठी प्रत्यय अधूनमधून चुकतात. त्यामुळे कोणी अस्वस्थ होऊ नये.

पौर्वात्य परंपरेचा दाखला देऊन कोणी विचारील: विदर्भातच चांदा येथे सिरो-मलबार धर्मप्रांत आहे. तेथे ‘अमुक ह्याला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार दिला जात आहे’ अशा अर्थाचे शब्द वापरतात. तेथे ‘मी’ नाहीच! खरे आहे, आणि तो संस्कार पूर्णतः ग्राह्य आहे. फ्लॉरेन्सच्या परिषदेने 1439 सालीच असे रूप मान्य केले. कारण त्या वाक्यात ख्रिस्ताच्या जागी दुसरा कर्ता बसविलेला नाही. कर्त्याविषयी मौन राखणे वेगळे आणि भलताच कर्ता घोषित करणे वेगळे.

आमच्या मते नागपूर परिसरात ‘आम्ही’पेक्षा वेगळ्याच शब्दांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, आणि ते आंतरपंथीय विवाहांच्या वेळी. उत्तर भारतीय चर्चची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच झाली. तेथे पाण्याने व त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा आपण पुन्हा करीत नाही. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा देण्याची प्रथाच नाही. त्यामुळे वर किंवा वधू ख्रिस्ती घरातील असूनही स्नानसंस्कार झालेला नसतो, आणि त्यानुसार बिशपांची वेगळी परवानगी घ्यावी लागते. काही नव्या मंडळ्या केवळ ‘येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देतात. त्यात त्रैक्याचा उच्चार नसल्याने तो आपल्याकडे ग्राह्य धरला जात नाही. तेव्हा दाखला पाहताना ‘कोणत्या शब्दांनी?’ असे विचारले तर कुटुंबांनी तो अपमान समजू नये. लग्नपत्रिका छापून झाल्यावर हे विचारणे मात्र सर्वांनाच त्रासाचे होते. सहा महिने आधी यावे.

आता कोराडीच्या त्या मातापित्यांचे उत्तर. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील 869 व्या कलमानुसार गंभीर चौकशीनंतरही शंका उरली तरच सशर्त स्नानसंस्कार देता येतो. एक शब्द ऐकू न येणे ही तशी शंका नव्हे. संस्कार झाल्याची नोंद धर्मग्रामाच्या नोंदवहीत आहे आणि विधी देणारे धर्मगुरू हयात आहेत. आम्ही त्यांना दूरध्वनी करण्याचे सुचविले. आपण नेहमी छापील विधीपुस्तकातूनच वाचतो, असे धर्मगुरूंनी त्यांना सांगितले. एवढे पुरेसे आहे. मुलीच्या प्रथम ख्रिस्तशरीराची तयारी त्यांनी निश्चिंत मनाने सुरू ठेवावी, असे आम्ही त्यांना कळविले आहे.